मदत हवी आहे : पहिल्यांदाच सेकंडहँड पिकअप घेतोय, दोनपैकी कुठली?

रोपवेडा
नमस्कार मंडळी. सेकंडहँड पिकअप घ्यायची आहे, पहिल्यांदाच. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक 2014 ची, 1,20,000 किमी, एकदम चकचकीत. दुसरी 2017 ची, 2,10,000 किमी, हौदा ठोकलेला, रंग उडालेला. पहिलीचा मालक म्हणतो परवापर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. कुठली घेऊ? वाटेत बंद पडून अजिबात चालणार नाही. लवकर सांगा प्लीज.

खडीवाट
पेट्रोल की डिझेल? फोर बाय फोर आहे का? माल काय आणि किती? विकणारा स्वतः चालवत होता की व्यापारी आहे? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

रोपवेडा
डिझेलच हो दोन्ही. माल आपला नर्सरीचा. इंजिन कुठलं टिकेल तेवढं सांगा.

टर्बोनाना
मीटरवर जाऊ नका. 1,20,000 खरे असतील तर ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर तसं दिसलं पाहिजे. रबर गुळगुळीत झालंय किंवा नवं कोरं घातलंय, तर विचारा का ते. स्टिअरिंगची कड आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची बाजूही बघा.
इंजिन गार असतानाच स्टार्ट करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. डिझेलला थोडी फुसफुस असतेच, पण झाकण थडथड उडायला लागलं आणि धुराचा लोट आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात.

पांढरा_कोळसा
आजच्या काळात डिझेल कशाला? इलेक्ट्रिक पिकअपचा विचार केलात का? ऑइल नाही, क्लच नाही, धूर नाही.

खडीवाट
@पांढरा_कोळसा, त्यांनी दोन गाड्या समोर ठेवल्यात, त्यातली एक निवडायची आहे. इलेक्ट्रिकसाठी वेगळा धागा काढा ना.

लोखंडे_नव्हे
टोयोटाची हायलक्स पिकअप शोधा आणि विषय संपवा. 1968 पासून बनतेय, उगाच नाही.

टर्बोनाना
अहो, नाव बघून गाडी घेतात का! चांगल्या नावाची गाडीसुद्धा टनच्या टन माल भरून हाणली की संपते. मी तर 2,10,000 वालीच घेईन. लांब पल्ल्याचे किमी इंजिनाला सोसतात.

खडीवाट
लांब पल्ल्याचे आहेत हे कशावरून नाना? ठोकलेला हौदा बघता साइटवरची गाडी वाटते मला. अर्थात 2014 वालीचंही वय बघा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा इंजिनातला पट्टा) असेल तर तो किमीवर बदलतात तसा वर्षांवरही बदलतात. बदलल्याची पावती नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

गिअरताई
सगळे बोनेटमध्येच डोकं घालून बसलात. पिकअपमध्ये आधी चासी, म्हणजे खालचा सांगाडा बघायचा. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट बाजूला उभं राहून नीट पाहा. वर आणि खाली सारखी हवी. वर कमी-जास्त दिसली तर वजनाने चासी वाकलेली असू शकते. मग खाली वाकून मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बघा. सगळे गंजलेले आणि मधलाच एखादा नवा काळाभोर असेल, तर ओव्हरलोडसाठी पाटा वाढवलाय. पाटे जिथे चासीला अडकवतात तिथला गंज स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पापुद्रे सुटले, टोक आत गेलं, तर ती गाडी सोडा. आणि चासीला खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर मला तरी झाकाझाकीच वाटते.
रोपवेडा, किती वजन नेणार ते अजून सांगितलं नाहीत तुम्ही.

रोपवेडा
वजन काही विशेष नाही हो ताई. रोपं, मातीच्या पिशव्या. आणि उन्हाळ्यात पाणी, हजार लिटरची टाकी ठेवणार हौद्यात. पण पाणीच तर आहे फक्त.

गिअरताई
हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. वर टाकीचं स्वतःचं वजन, शेजारी बसणारा माणूस, अवजारं हे सगळं क्षमतेतच धरायचं असतं. दाराच्या चौकटीवर प्लेट किंवा स्टिकर असतो, गाडीच्या कागदांवरही आकडा असतो. भरलेल्या गाडीचं कमाल वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, उरेल तेवढाच तुमचा माल. अर्धी भरलेली टाकी तर वळणावर जास्त घातक, पाणी एका बाजूला जाऊन आदळतं. आत पाणी अडवणारे पडदे असलेली टाकी घ्या.

लोखंडे_नव्हे
पाटा वाढवला की झालं. सगळे करतात.

गिअरताई
पाटा वाढवल्याने गाडी मागून बसत नाही एवढंच. ब्रेक तेच राहतात, एक्सल तोच, टायर तेच. उतारावर भरल्या टाकीने गाडी थांबवायची तुम्ही बघा एकदा. नवख्या माणसाला असले सल्ले नका देऊ.

टर्बोनाना
ताईंशी सहमत. टायरचंही बघाच. बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, जुनं रबर कडक होतं.
क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तिथेच, तर क्लच घसरतोय.

खडीवाट
गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावून घ्या. एरर एकही नाही, पण गाडी आपली आपण करते त्या चाचण्या बऱ्याच अपूर्ण दाखवतोय, असं झालं तर कोणीतरी नुकतेच एरर पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. मालकाला विचारा. चासी नंबर 17 अक्षरी असतो, तो गाडीवर कोरलेला आणि कागदावरचा एकेक अक्षर जुळवा. गाडीवर कर्ज बाकी नाही ना, तेही.

रोपवेडा
मनापासून आभार सगळ्यांचे. स्टिकर बघून आलो, दोन्हींची क्षमता टनाच्या आतच आहे. टाकी आता 500 लिटरची, फेऱ्या वाढल्या तरी चालतील. चकचकीतवाल्याला विचारलं की माझा मेकॅनिक गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन खालून बघेल का. नको म्हणाला, घ्यायची तर अशीच घ्या. ती सोडली. दुसरीचा मालक म्हणाला सकाळी लवकर या, गार इंजिनवर बघा. फट मी पाहिली, वर-खाली सारखी आहे. पाट्यांचा फोटो टाकतो.

टर्बोनाना
गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर आधीच तापवून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत जा.

पांढरा_कोळसा
500 लिटर तर इलेक्ट्रिकमध्येही आरामात जाईल. रोज किती किमी जाता?