पेट रॉक : विकला गेला तो दगड नव्हेच

टेबलावरच्या गमतीच्या खेळण्यात यंत्र जितके चतुर तितका खप अधिक, असे काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. १९७५ साली कॅलिफोर्नियातील लॉस गॅटोसच्या एका बारमध्ये मित्र आपापल्या पाळीव प्राण्यांच्या कटकटी सांगत असताना, आपण दगड पाळतो, त्याचा काही त्रास नसतो, असे जाहिरात-लेखक गॅरी डाल म्हणाले आणि त्या थट्टेतून ‘पेट रॉक’ जन्माला आला. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचा गुळगुळीत गोटा, खाली गवताची गादी, आणि प्राण्याला श्वास घेता यावा म्हणून भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. किंमत चार डॉलरच्या आसपास. (दगडाला शेंदूर फासून देव करणाऱ्या आपल्या मंडळींना यात फारसे नवल वाटू नये.)

दगड जवळजवळ फुकटच होता. खरी मेहनत होती ती सोबतच्या ३२ पानी पुस्तिकेत. ‘बस’ आणि ‘थांब’ या आज्ञा दगड लगेच शिकतो, कोलांटी मारायला मात्र मालकाची मदत लागते, असे तीत अत्यंत गंभीरपणे समजावले होते. नाताळपर्यंत दहा लाखांहून अधिक दगड खपले आणि सण सरताच मागणी आटली. तेव्हा नवे खेळणे बाजारात आणणाऱ्याने मोटार आणि गिअर निवडण्याआधी खोक्यावरचा मजकूर लिहून पाहावा आणि माल दिवाळीच्या दोन महिने आधी दुकानात पोहोचवावा, असे मी सुचवेन.