बालीला जाताना रेबीजची लस घ्यावी का?

कोथरूडकर: दिवाळीत बालीला चाललोय, सोबत सहा वर्षांचा मुलगा, कुत्रं दिसलं की कुरवाळायला धावतो. इथूनच इंजेक्शन घेऊन जावं का?

पेठेतली मावशी: घ्याच! बालीत २००८ पासून रेबीज आहे, मुख्यतः कुत्र्यांमुळे, पण तिथल्या उबुड गावची माकडंही चष्मा-बाटली हिसकावतात आणि ओरबाडतात. आधी दोन डोस, पहिल्यानंतर ७ दिवसांनी दुसरा. मग चावलं तरी दोनच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन (जखमेत टोचतात ते तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) शोधत फिरायला नको, ते सगळीकडे मिळत नाही.

भटक्या: नुसता ओरखडा असला तरी १५ मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि लगेच दवाखाना, हळदबिळद लावत बसू नका.

कोथरूडकर: सिंहगडावर माकडाला हाताने कणीस भरवणारा पोरगा आहे हो आमचा, उद्याच डॉक्टरांना विचारतो.