'सक्सेशन'ला मराठीत काय म्हणायचं? (अनुक्रमण सोडून)

माळावरचा मास्तर
मंडळी, एक अडचण आहे. मी सातारा जिल्ह्यात विज्ञान शिकवतो. नववीच्या पोरांसाठी दोन पानी टिपण करतोय, विषय असा की जमीन मोकळी सोडली तर तिच्यावर आधी काय उगवतं, मग काय येतं, आणि पंधरावीस वर्षांनी तिथे काय उभं असतं. इंग्रजीत सक्सेशन. परिभाषेत 'अनुक्रमण' आहे, ते फळ्यावर लिहिलं तर पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, हे पुस्तकाच्या सुरवातीला असतं ते ना?" मागून एकजण ओरडला "अतिक्रमण!" कारण गेल्याच आठवड्यात स्टँडसमोरच्या टपऱ्या उचलल्यात. मग मोबाईलवर भाषांतर करून बघितलं, तर आलं 'पर्यावरणीय उत्तराधिकार'. तेही वर्गात सांगून बघितलं. परिणाम, चाचणीत एकाने लिहिलं, 'गवत मेल्यावर जमीन झुडपांच्या नावावर होते.' मी अर्धा मार्क कापला आणि रात्री वाटलं कापायला नको होता.

दुसरं, प्रायमरी आणि सेकंडरी सक्सेशन वेगळं कसं सांगू? नुसता खडक किंवा लाव्हा, जिथे मातीच नाही, तिथून सुरू होतं ते प्रायमरी. माती आहे, बी-मुळं आहेत, फक्त वरचं गेलंय (वणवा लागला, शेत पड टाकलं) ते सेकंडरी. प्राथमिक-माध्यमिक म्हटलं की शाळा आठवते. दुय्यम म्हटलं की दुय्यम निबंधक.

टिपण शुक्रवारी झेरॉक्सला जायचंय.

व्युत्पत्तीवेडा
अनुक्रमण वाईट नाहीये हो. क्रम् म्हणजे पाऊल टाकणे. वामनाची तीन पावलं म्हणून त्रिविक्रम. अनु म्हणजे मागून. म्हणजे एकाच्या मागोमाग दुसऱ्याने पाऊल टाकणं, तुम्हाला हवंय ते हेच. लॅटिनमधला मूळ धातूही जवळजवळ हेच म्हणतो, मागून जाणे. अतिक्रमण, आक्रमण, संक्रांत सगळी एकाच घरातली भावंडं. पोरांना हे घराणं सांगा, शब्द कायमचा बसेल. जाता जाता, 'मार्गक्रमण' म्हणा, 'मार्गक्रमणा' नको, परवा एका अग्रलेखात वाचून डोकं फिरलं.

गावनमुना बारा
अर्धा मार्क परत द्या त्या पोराला. मी अठ्ठावीस वर्षं तलाठी होतो, इतकं बरोबर उत्तर मला सर्कलसाहेबांकडूनही मिळालं नव्हतं 😄

सिरियसली, शब्द तयार आहे: फेरफार. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, जमिनीचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेला की तिथे नोंद पडते आणि मग सातबाऱ्यावर येते. सहा-क तर चक्क वारसांची. खेड्यातल्या पोराला फेरफार समजावून सांगावा लागत नाही, घरात चुलत्यांची भांडणं त्यावरूनच चाललेली असतात. गवताच्या नावावर होती ती झुडपांच्या नावावर झाली, झुडपांच्या नावावरून झाडांच्या. आणि बाराच्या नमुन्यात पडीक जमीन लिहिताना आम्ही 'चालू पड' आणि 'कायम पड' वेगळं लिहायचो. चालू पड म्हणजे यंदा पेरली नाही. कायम पड म्हणजे वर्षानुवर्षं नाही. दोन्हीवर काय उगवलंय ते बांधावरून नुसतं बघून सांगता यायचं, चालू पडीत टाकळा-आघाडा, कायम पडीत बोरी-बाभळी. पंचनाम्याला तेवढं पुरायचं.

व्युत्पत्तीवेडा
फेरफार चालणार नाही. इंग्रजीत फेरफार म्हणजे म्यूटेशन आणि जीवशास्त्रात म्यूटेशन म्हणजे उत्परिवर्तन. अकरावीला गेल्यावर पोराचा गोंधळ.

गावनमुना बारा
पोरगं अकरावीला जाईपर्यंत तलाठी कार्यालय कुठलं राहतंय, सगळं ऑनलाईन.

कोकणातली काकू
आमच्याकडे याला कोणी काही शास्त्रीय म्हणत नाही, 'जमीन रानात गेली' म्हणतात, संपलं. माझ्या सासऱ्यांची वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन होती, मुलगे मुंबईला, कोणी नांगर धरला नाही. पहिली दोनतीन वर्षं गवत कापून विकलं. मग रानमोडी आली, माणूस शिरायची सोय राहिली नाही. त्यातून चांदाडा वर आला, मोठ्ठ्या पानांचा, तो सगळ्यात आधी येतो मोकळ्यावर. मग कुडा, किंजळ, ऐन. आता तिथे भेकर दिसतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे नाचणी होती. पूर्वी कुमरी करायचे तेव्हाही हेच, रान तोडायचं, जाळायचं, राखेत नाचणी-वरी घ्यायची, दोनतीन वर्षांनी सोडायचं आणि दहाबारा वर्षं त्या तुकड्याकडे बघायचं नाही. सोडलं की ते आपलंआपण रानात जातं. तेच शिकवायचंय ना तुम्हाला?

पन्हाळ्याचा पैलवान
काकू 'जमीन रानात गेली' म्हणजे आमच्याकडं काहीच अर्थ होत नाही. रान म्हणजेच शेत. आमचा आबा रोज सकाळी रानात जातो. "रान चांगलं तयार झालंय" म्हणजे नांगरून कुळवून पेरायला तयार. तुमच्या वाक्याच्या बरोब्बर उलटं झालं की ओ.

कोकणातली काकू
मग जंगलाला काय म्हणता?

पन्हाळ्याचा पैलवान
जंगल. नाहीतर डोंगर. "गुरं डोंगरात सोडली."

माळावरचा मास्तर
साताऱ्यात तर दोन्ही अर्थ चालतात, माझ्या वर्गात महाबळेश्वरच्या बाजूची पोरं पण आहेत आणि खटाव-माणची पण. म्हणजे टिपणात 'रान' लिहिलं की अर्धा वर्ग शेतात आणि अर्धा जंगलात. बाकी काकूंचं वर्णन मी जसंच्या तसं वापरणार, परवानगी द्या.

शुद्ध मराठी
इथे प्रत्येकाला घरचाच शब्द हवाय. प्रकाशसंश्लेषण तुमच्या कुणाच्या घरात बोलतात? तरी सातवीतलं पोर न अडखळता म्हणतं. महापौर, दिनांक हे सावरकरांनी दिले तेव्हा लोक हसलेच होते, आज कोणाच्या लक्षातही येत नाही की ते घडवलेले आहेत. शब्द वापरून गुळगुळीत होतो. अनुक्रमण हा शब्द पुढच्या पुस्तकात येणार आहे, परीक्षेत येणार आहे, तो सोडून वनपालट-बिनपालट असलं काही शिकवलं तर नुकसान मुलांचं. आणि मास्तर, आपण 'सिरियसली', 'झेरॉक्स' लिहिताना जरा

गावनमुना बारा
सिरियसली मी लिहिलंय. झेरॉक्सला काय म्हणू? छायाप्रत काढायला गेलो तर दुकानदार फोटो काढेल.

पन्हाळ्याचा पैलवान
वनपालट कुणी सुचवला? मला तर आवडला हा शब्द.

शुद्ध मराठी
कोणी नाही, मी उदाहरण म्हणून दिला.

पन्हाळ्याचा पैलवान
मग तुम्हीच सुचवला की 😂 पिकांची फेरपालट, खांदेपालट, ऋतुपालट, तसा वनपालट.

व्युत्पत्तीवेडा
फेरपालट फिरून परत येते. सोयाबीन, हरभरा, पुन्हा सोयाबीन. इथे एका दिशेने जातं. शिवाय पिकं माणूस पालटतो.

सिएटलकर
एका दिशेने जातंच असं नाही. मी गेली चौदा वर्षं इथे आहे, सेंट हेलेन्स ज्वालामुखी गाडीने तीनेक तासांवर. १८ मे १९८० ला फुटला, उत्तरेकडची अख्खी बाजू घसरली आणि पायथ्याशी नुसत्या प्युमिसचा, म्हणजे सच्छिद्र हलक्या दगडाचा माळ झाला. तिथे पहिल्यांदा तग धरला तो ल्युपिनने, जांभळ्या तुऱ्यांचं बुटकं झुडूप, आपल्या तागासारखं शेंगवर्गातलं, मुळांवर गाठी, हवेतला नायट्रोजन धरणारं. ल्युपिन मेलं की तिथे जरा खत, मग त्यावर बाकीच्यांचं. पण शेजारीच जिथे राखेखाली जुनी माती शिल्लक होती तिथे गोफर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांनी बिळं उकरून ती वर आणली आणि तिथला हिशेब पूर्ण वेगळा झाला. म्हणजे एकाच डोंगरावर मास्तरांचं प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही, मध्ये चालत जाण्याइतकं अंतर. मी मुलीला दाखवायला नेलं तर ती म्हणाली, "बाबा, इथे काहीच नाहीये." ओणवं होऊन बघितलं तर पावलापावलाला ल्युपिनचं रोप.

पहिल्यांदा येणाऱ्यांना मराठीत काय म्हणतात? इथे पायोनियर म्हणतात.

व्युत्पत्तीवेडा
कुठेतरी 'पुरोगामी वनस्पती' वाचलंय. शब्दशः बरोबर, पुढे जाणारी.

पन्हाळ्याचा पैलवान
शाहू-फुले-आंबेडकरांची वनस्पती 🙏

गावनमुना बारा
बिनीची. पेशव्यांच्या फौजेत सगळ्यात पुढे असायचे ते बिनीवाले. 'बिनीची झाडं' लिहा मास्तर, इतिहासाचा तासही भरून निघेल.

माळावरचा मास्तर
बिनीची! हे घेतलं. बाकी काही नाही तरी एवढं मिळालं.

आता माझं पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी शाळेमागे एक मीटर बाय एक मीटर जागा मापली, चार कोपऱ्यांना बांबूच्या काठ्या, भोवती सुतळी, आतलं सगळं खुरप्याने साफ. पोरांनी दर शनिवारी बघून वहीत लिहायचं. पहिल्या पावसात टाकळा आला, इतका दाट की माती दिसेना, शाळेच्या मावशींनी त्याची भाजी केली (प्रयोगाचे बारा वाजले पण भाजी चांगली होती). मग कुर्डू, आघाडा, थोडं गाजर गवत. यंदा टाकळा बोटांवर मोजण्याइतका, कुसळी गवताने जागा धरली, पोरांच्या पायमोज्यात कुसळं. आणि एका कोपऱ्यात बोराचं रोप, चार पानांचं. एका पोराने वहीत लिहिलंय: "टाकळ्याने जागा केली, कुसळ बसलं." मी त्याच्याइतकं थोडक्यात लिहू शकलो नसतो.

दगडफूल
सगळे मातीवरचंच बोलताय, खडकाचं काय? माझं नाव घ्या की. उघड्या कातळावर आधी येतं ते लायकेन, पुस्तकात शैवाक. बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र कुटुंब, बुरशी घर देते आणि शैवाल स्वयंपाक करतं. कातळाला चिकटलेले काही प्रकार वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत. पण कातळाचा कण कण सुटतो, धूळ अडते, मग मॉस, मग नेचे, गवत. पोरांना आईच्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल दाखवा, वास घ्यायला सांगा, धडा कधी विसरणार नाहीत.

शुद्ध मराठी
मसाल्यातलं दगडफूल बहुतेक झाडांच्या सालीवरून गोळा करतात. नाव दगडाचं, राहतं झाडावर, आणि फूल तर नाहीच. आणि शैवाक, शैवाल, शेवाळ असे तीन शब्द एका तासात दिलेत तर मुलं घरी जातील. हे मी म्हणतोय.

दगडफूल
मान्य. पण मसाल्याचा वास तर खरा!

मास्तर, साताऱ्यात राहून कासचं पठार कसं विसरलात? जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ, वर चार बोटं माती, त्यामुळे मोठी झाडं येतच नाहीत आणि म्हणून फुलं. २०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यात कास आहे. पठाराला कुंपण घातलं, गुरं बंद झाली, आणि काही वर्षांनी आसपासचे लोक म्हणायला लागले की गवत माजलं, फुलं कमी झाली. शेवटी २०२३ मध्ये कुंपण काढलं. गुरं चरत होती म्हणून ते पठार पुढच्या पायरीवर जात नव्हतं, असं बरेच लोक म्हणतात. यावर पोरांचा वाद लावून द्या.

माळावरचा मास्तर
विसरलो नाही, मुद्दाम ठेवलंय शेवटी. कारण पोरं विचारणार की मग शेवट काय? पुस्तकात 'चरम' अवस्था म्हणतात. चरम म्हटलं की वर्गात चर्मरोग ऐकू जातं. कळस कसा वाटतो? देवराई म्हणजे कळस.

सिएटलकर
कळस नको. क्लेमेंट्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये हा शेवटच्या टप्प्याचा विचार जोरात मांडला, जणू रान म्हणजे एक शरीर, लहानाचं मोठं होतं. ग्लीसन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने दहा वर्षांनी सांगितलं की असं काही नाही, जे ते झाड आपल्या सोयीने येतं, गर्दी झाली की आपण तिला समाज म्हणतो. कळस म्हटलं की पोरांना वाटणार वर जाऊन काम संपलं. तुमचं कासच बघा.

कोकणातली काकू
आमच्या देवराईत तीन वर्षांपूर्वी वादळात मोठा बेहडा पडला. तिथे उजेड आला आणि लगेच चांदाडा. कळसाच्या मधोमध पुन्हा पहिलीचा वर्ग.

गावनमुना बारा
फेरफार. मी सांगतोय ते ऐका.

पन्हाळ्याचा पैलवान
काकू ती रानमोडी म्हणजेच घाणेरी का?

कोकणातली काकू
नाही रे बाबा. रानमोडीला पांढरट बारीक फुलं, झुबक्याने. रान मोडते म्हणून रानमोडी. घाणेरीची लाल-पिवळी, आणि पानं चुरगळली की तो वास.

व्युत्पत्तीवेडा
रान मोडते म्हणून, का मोडलेल्या रानात येते म्हणून? समास सोडवायला हवा.

शुद्ध मराठी
घाणेरीचं नाव टणटणी आहे.

पन्हाळ्याचा पैलवान
टणटणी वेगळी, घाणेरी वेगळी.

शुद्ध मराठी
एकच.

नागपूरची संत्री
आमच्याकडे रायमुनिया म्हणतात. आणि तुमच्या त्या मधल्या टप्प्याला आमच्या विदर्भात शब्द आहे, सरकारी कागदावरच आहे: झुडपी जंगल. ते जंगल आहे का नाही यावर कितीतरी वर्षं खटले चालले.

माळावरचा मास्तर
उद्या शुक्रवार आहे. सेकंडरीचं काय करू तेवढं सांगा कुणीतरी.

पन्हाळ्याचा पैलवान
टणटणीची फळं आम्ही लहानपणी खायचो, काळी. घाणेरीची कोण खाईल?

कोकणातली काकू
फोटो टाक.