मोटारसायकलवरून रणभूमीकडे : आखणीचे अनुभव सांगा

धागाकर्ता
परवा पुतण्याला घोरपडीचे युद्धस्मारक दाखवायला नेले होते. तिथल्या रणगाड्याला दोन फेऱ्या मारून झाल्यावर त्याने विचारले, "काका, हे जिथे लढले ती जागा आपल्याला गाडीवरून जाऊन पाहता येईल का?" त्या प्रश्नाने नोकरीच्या सुरुवातीला मित्राबरोबर केलेली लोंगेवाल्याची सफर आठवली, आणि आता पुन्हा, कोणत्याही टूर कंपनीशिवाय, पंजाब-राजस्थानातल्या रणभूमी पाहायचे घाटते आहे. पुणेकराची पहिली पंचाईत अशी, की पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे दोन्ही परमवीरचक्र विजेते, म्हणजे १९६५ साली बुटुर डोग्रांदीला पडलेले लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ साली बसंतरच्या लढाईत पडलेले, जन्माने पुण्याचेच असलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, ज्या भूमीवर लढले ती आज सीमेपलीकडे आहे. मग अलीकडचे काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने, हे आपापल्या अनुभवावरून सांगावे.

सायलेन्सर
लोंगेवाल्याला डिसेंबरातच जावे, कारण १९७१ ची लढाईही ४ डिसेंबरच्या रात्रीच सुरू झाली होती आणि तिथल्या थंडीचा अंदाज पुण्यात बसून येत नाही. रामगडला टाकी पूर्ण भरून घ्यावी. तनोटपर्यंतचा डांबरी रस्ता उत्तम आहे, परंतु फोटोसाठी गाडी जरा खाली उतरवली की पुढचे चाक रुतते आणि साइड स्टँड तर सरळ आतच जातो. मी त्याच्याखाली ठेवायला एक चपटा केलेला पत्र्याचा डबा बरोबर ठेवतो. गाडी ओढून काढताना घाम फुटला, तेव्हा शत्रूचे रणगाडे त्या वाळूत का अडकले हे मला जितके कळले तितके आधीच्या वाचनातून कळले नव्हते. लोंगेवाला राखणाऱ्या मेजर चांदपुरींची ठाणी उंचवट्यावर होती, रणगाडे खाली होते, आणि आपल्या हवाई दलाची जैसलमेरची हंटर विमाने रात्री उडू शकत नसल्यामुळे पहाटेपर्यंत तग धरणे एवढेच त्या तुकडीच्या हाती होते. सीमेच्या खांबापर्यंत जायचे असल्यास परवानगी आधीच काढावी.

मागच्या सीटवरची
आमच्याकडे हे किलोमीटर मोजतात आणि मी थांबे मोजते, त्यामुळे आखणी माझ्याकडे असते. अमृतसरला मुक्काम ठेवून खेमकरणच्या बाजूला एक अख्खा दिवस द्यावा. असल उत्तरला पोहोचल्यावर ह्यांचा पहिला प्रश्न होता, "इथे आहे काय? शेतंच आहेत!" आणि खरी गोष्ट तीच आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये आपल्या सैन्याने पाणी सोडून जमीन दलदलीची केली आणि उभ्या उसाच्या आडून पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांवर मारा केला. जीपवरच्या तोफेने रणगाडे टिपणारे अब्दुल हमीद १० सप्टेंबरला तिथेच धारातीर्थी पडले, आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. ऊस उभा असताना गेले तर वीस पावलांवरचे काही दिसत नाही. तो कापल्यावर गेले तर सगळे सपाट दिसते आणि कशाचाच उलगडा होत नाही.

चक्री
वहिनींची परवानगी हा मुद्दा मूळ आखणीत कुठेच दिसला नाही, म्हणून विचारतो.

धागाकर्ता
तो सीमेवरच्या परवानगीपेक्षा अवघड असल्यामुळे शेवटी ठेवला आहे.

निवृत्त तोफखाना
द्रासला आलेली बहुतेक मुले कारगिल युद्धाच्या स्मारकात फोटो काढतात आणि लेहकडे निघून जातात, याचे मला वाईट वाटते. माझी विनंती एवढीच, की स्मारकाच्या आवारात पाठ महामार्गाकडे करून तोलोलिंगच्या डोंगराकडे पाहावे, आणि मग वळून, वरच्या माणसाला हा श्रीनगर-लेह रस्ता किती स्पष्ट दिसत असेल याचा विचार करावा. तो डोंगर १३ जून १९९९ रोजी परत घेतला गेला. तो घेतल्याशिवाय रस्ता सुरक्षित होणार नव्हता, हे तिथे कोणी समजावून सांगावे लागत नाही. वाटेतली जोझीला खिंड हिवाळ्यात बंद असते, त्यामुळे राजस्थान आणि कारगिल एकाच सफरीत बसवण्याचा हट्ट धरू नये. घरून निघण्यापूर्वी लढाईचा नकाशा हाताने कागदावर काढावा, कारण फोनमधला नकाशा रस्ता दाखवतो, चढ कोणाच्या ताब्यात होता ते दाखवत नाही.

घाटवाट
तोफखाना काकांचे म्हणणे अगदी पटले. त्याचा सराव जवळच करता येतो. उंबरखिंडीला खालून, चावणी गावाकडून गाडी जाते, पण २ फेब्रुवारी १६६१ रोजी मुघल सरदार कारतलबखानाची फौज ज्या कुरवंड्याच्या घाटाने उतरली ती वाट पायीच पाहावी लागते. तळेगाव-वडगावचा पट्टा त्याहून सोपा आहे. जानेवारी १७७९ मध्ये माघार घेणाऱ्या इंग्रजांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या आणि वडगावला तह केला. आपण मात्र तिथून रोज लोकलने जातो.

चक्री
पुतण्याला पॅटन पाहायचा असेल तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतके जवळ आहे. माझी गाडी मात्र गॅरेजात आहे, कोणी मागे बसवणार असेल तर कळवावे.

धागाकर्ता
मग ठरले. आधी पुतण्याबरोबर अहिल्यानगर आणि उंबरखिंड, डिसेंबरात लोंगेवाला, आणि द्रास पुढच्या उन्हाळ्यात. जोधपूरपर्यंत गाडी रेल्वेने पाठवावी असा विचार आहे, कोणी पाठवली आहे का?

सायलेन्सर
पाठवली आहे. टाकी रिकामी करावी लागते, आरसे काढून घरी ठेवावेत, आणि गोणपाट बांधणाऱ्याशेजारी स्वतः उभे राहावे.