प्रीअँप इंटरफेसला ऑप्टिकलने जोडू की लाइन केबलने?

पंचवटीकर: घरीच अभंग रेकॉर्ड करतो, पखवाज-टाळ धरून माइक कमी पडायला लागले म्हणून 8 चॅनलचा प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारं यंत्र) घेतला, तो कंप्युटरच्या ऑडिओ इंटरफेसला जोडायचाय. त्याला अडॅट ऑप्टिकल (एकाच केबलमधून उजेडाने सगळे चॅनल डिजिटल पाठवणारं) पण आहे आणि लाइन आउट पण. ऑप्टिकलने जोडलं तर मधेच टक टक येतंय, केबल गेली असेल का?

सिडकोवाला: केबलच्या आधी क्लॉक, म्हणजे डिजिटल आवाजाचा ठेका धरणारं आतलं घड्याळ, बघा! दोन्ही मशीन आपापल्या क्लॉकवर चालली की असंच टकटकतं. प्रीअँप मास्टर ठेवा, इंटरफेसमध्ये क्लॉक सोर्स अडॅट करा आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) दोन्हीकडे एकच. 48 kHz ला 8 चॅनल जातात, 96 kHz ला फक्त 4, हे आधी कुणी सांगत नाही.

जुन्या नाशकातला: माझं मत ऑप्टिकललाच. त्यातून वीज नाही, उजेड जातो, म्हणून ग्राउंड लूपची (दोन मशीनच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची) घुंई त्या वाटेने येतच नाही, आमच्या वाड्यात अर्थिंग धड नाही तर लाइन केबलने मी वर्षभर वैतागलो होतो. लाइननेच जोडायचं असेल तर बॅलन्स्ड टीआरएस केबल (बाहेरची घरघर कमी करणारी, तीन जोडांच्या पिनची) घ्या, आणि इंटरफेसला तेवढे लाइन इनपुट मोकळे पाहिजेत.

पंचवटीकर: इंटरफेसचं क्लॉक इंटर्नलवरच, म्हणजे स्वतःच्याच घड्याळावर होतं, अडॅट केल्यावर टकटक बंद! मनापासून आभार, आता उद्या पखवाज लावतो.