नव्याने आणलेल्या मांजरीच्या पिलाला जुलाब. घरगुती उपाय करावेत का?

तापीकाठ (भुसावळ)

नमस्कार. गेल्या रविवारी आम्ही यावलजवळच्या एका केळीच्या मळ्यातून मांजरीचे पिलू घरी आणले. ते साधारण सात आठवड्यांचे असावे, असे मळ्यातील मावशींनी सांगितले. स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन ६२० ग्रॅम भरले. तिकडे ते आईला पीत होते आणि जोडीला थोडी दूध-भाकरी खात होते. आम्ही मात्र पहिल्याच दिवशी वाटीभर म्हशीचे दूध आणि दुकानातून आणलेले कोरडे खाद्य, असे दोन्ही त्याच्यापुढे ठेवले. मंगळवारपासून त्याला पातळ, उग्र वासाचे जुलाब होत असून काल पाच वेळा झाले. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले दिसते, पण पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. पिलू खेळते, उलटी नाही. सासूबाई जायफळ उगाळून चाटवायला सांगतात, तर शेजारचे काका म्हणतात की एक दिवस उपाशी ठेवा. बाहेर पारा ४३ च्या वर आहे, त्यामुळे अधिकच काळजी वाटते.

निवृत्त पशुवैद्य (धुळे)

ताई, या दोन्ही सल्ल्यांपैकी एकही मानू नका. जायफळ मांजरांना विषारी ठरू शकते, आणि एवढ्या लहान पिलाच्या अंगात साखरेचा साठा नसल्यामुळे ते उपाशी राहिले तर काही तासांत गळून जाते. दूध आजच बंद करा. आईचे दूध सुटू लागले की दुधातील साखर पचवणारे पाचकद्रव्य मांजरांत कमी होत जाते, न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. त्यात तुम्ही नवे खाद्यही एकदम सुरू केले, जे खरे तर जुन्या खाद्यात मिसळून सात ते दहा दिवसांत वाढवत न्यायला हवे होते.

तरीही फुगलेले पोट आणि हाताला लागणारे मणके ही जोडी पाहता मला पहिला संशय जंतांचा येतो. मांजरीचे गोल जंत पिलांत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून मळ्यातल्या पिलात ते नसणेच नवल. कधी कधी विष्ठेत शेवयांसारखे जंत दिसतात, पण दिसले नाहीत म्हणजे ते नाहीत असे समजू नये. ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. जंताचे औषध वजनावर ठरते, अंदाजाने देऊ नका. माणसांचे जुलाब थांबवणारे औषधही देऊ नका; पॅरासिटामॉल तर मांजराचा जीव घेते.

पाणी कमी पडले आहे का, हे पाहण्यासाठी मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, पण लहान पिलांत ही खूण फसवी असते. त्यापेक्षा हिरडीवर बोट फिरवून पाहा. ती ओलसर आणि गुलाबी असेल तर सकाळपर्यंत थांबता येईल. चिकट किंवा फिकट लागली, विष्ठेत रक्त दिसले, उलटी झाली किंवा पिलाने खाणे सोडले, तर रात्र असली तरी निघा. लस न झालेल्या पिलांत या खुणा मांजरांच्या पार्व्हो या विषाणूजन्य आजाराच्याही असू शकतात, आणि त्यात उशीर परवडत नाही.

कळण्याची भाकरी (अमळनेर)

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेच आहे. खाण्याबाबत माझा अनुभव तेवढा जोडतो. आमच्याकडे दोन-तीन दिवस बिनमिठाची उकडलेली कोंबडी कुस्करून, दर तीन-चार तासांनी चमचाभर देत होतो. घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नका. कांदा आणि लसूण दोन्ही मांजरांना बाधतात. पाण्याच्या दोन-तीन पसरट वाट्या घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि कूलरच्या थेट झोतात पिलाला झोपू देऊ नका.

तापीकाठ (भुसावळ)

सर्वांचे आभार. विष्ठेच्या तपासणीत गोल जंतांची अंडी सापडली. वजन ५९० ग्रॅमपर्यंत उतरले होते. औषधाचा पहिला डोस झाला, दुसरा दोन आठवड्यांनी आहे. आज विष्ठा बऱ्यापैकी घट्ट झाली. सहाणेवरचे जायफळ सासूबाईंनी शेवटी श्रीखंडाला वापरले! एक शंका मात्र उरते: घरात चार वर्षांची मुलगी आहे, तिला हे जंत लागतील का?

निवृत्त पशुवैद्य (धुळे)

लागू शकतात, पण ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधक नसतात. ती तयार होण्यास काही आठवडे जातात. म्हणून विष्ठेचा ट्रे रोजच्या रोज मोठ्यांनी साफ करावा, मुलीला जेवणापूर्वी साबणाने हात धुवायला लावावेत आणि अंगणातील वाळूचा ढीग झाकून ठेवावा. जुलाब पूर्ण थांबले की लसीचे विचारून घ्या. वय झालेलेच आहे.