वडापला रीतसर परवाना द्यावा का?

माणदेशी

माण, खटाव, आटपाडी या भागांत ज्याला वडाप म्हणतात, त्या जीपगाड्यांच्या वाहतुकीला शासनाने ठरावीक मार्गाचा, ठरावीक भाड्याचा आणि ठरावीक वेळेचा परवाना द्यावा, असे माझे मत आहे. ते एसटीवरील रागापोटी बनलेले नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली बस धावली, तेव्हापासून आमच्यासारख्या कोरडवाहू मुलखातील मुलांनी शाळा पाहिली ती याच गाडीमुळे. परंतु डोंगराच्या कुशीतील अनेक वाड्यांचा रस्ता इतका अरुंद आहे, की मोठी बस शेवटपर्यंत गेली तरी तिला वळवायला जागा नसते. तेथील माणूस दोन-तीन किलोमीटर चालत तिठ्यावर येतो आणि जी गाडी आधी दिसेल तिला हात करतो.

मागच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मी अशा एका तिठ्यावर उभे राहून माणसे मोजली. नऊ आसनांच्या जीपमध्ये चालक धरून चौदा जण होते, त्यातला एक तर चालकाच्या उजव्या हाताला दाराला चिकटून बसला होता, टपावर कांद्याची दोन पोती होती आणि मागच्या पायरीवर दोन मुले लोंबकळत होती. हे धोकादायक आहे, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण हे रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर चालते आणि कागदावर मात्र अस्तित्वातच नाही. जे अस्तित्वातच नाही, त्याला आसनसंख्येची अट घालणार कोण? २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एसटीचा संप सुरू असताना शासनानेच खाजगी बस, शाळेच्या बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. अडचणीच्या काळात जे चालले, त्याला अटी घालून कायम करण्यात अडचण कोणती?

निवृत्त वाहक

मी एकोणतीस वर्षे तिकिटे फाडली, त्यामुळे माझ्या मतात पक्षपात असेल तर तो मी आधीच कबूल करतो. धागाकर्त्यांनी तिठ्यावर जीप भरलेली पाहिली, परंतु ती कोणत्या वेळी भरलेली असते, हे पाहिले नाही. वडाप सकाळी नऊ ते अकरा आणि बाजाराच्या दिवशी धावते, कारण तेव्हा माणसे असतात, आणि ती भरल्याशिवाय जागची हलत नाही. मुक्कामी गाडी मात्र रात्री गावात जाते, चालक-वाहक देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत अंग टाकतात आणि पहाटे साडेपाचला चार दूधवाले व दोन विद्यार्थी घेऊन निघतात. त्या फेरीचे भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांचे प्रमाण, कधीच परवडणारे नसते. तिचा तोटा भरून निघतो तो दिवसाच्या भरलेल्या फेऱ्यांतून. तुम्ही त्या भरलेल्या फेऱ्यांवर जीपला अधिकृत हक्क दिलात, तर पहाटेची गाडी कोणी काढून घ्यावी लागणार नाही. ती आपोआप बंद पडेल.

दुसरे असे, की सवलती कोण देणार? पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, विद्यार्थ्यांना पासात दोन-तृतीयांश सवलत आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींचा पास मोफत आहे. जीपवाला आजीबाईंचे ओळखपत्र पाहून पैसे घेणार नाही, असे कोणाला वाटत असेल, तर त्याने एकदा जीपने प्रवास करावा.

कलमबहाद्दर

दोन्ही बाजूंनी कायद्याचा मुद्दा राहून गेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार चालक सोडून सहापेक्षा अधिक प्रवासी नेणारे आणि प्रत्येकाकडून पूर्ण प्रवासाचे किंवा टप्प्याचे वेगळे भाडे घेणारे वाहन हे टप्पा वाहतुकीचे वाहन ठरते. वडापच्या बहुतेक गाड्यांकडे परवाना असलाच, तर तो कंत्राटी वाहतुकीचा असतो, म्हणजे संपूर्ण गाडी एका कराराने भाड्याने देण्याचा. वाटेत हात दाखवणाऱ्याला घेणे आणि उतरवणे त्यात बसत नाही. याच अधिनियमाच्या सहाव्या प्रकरणानुसार राज्याला एखाद्या मार्गावरील वाहतूक पूर्णतः किंवा अंशतः आपल्या महामंडळासाठी राखून ठेवता येते, आणि ती योजना रद्द करण्याची किंवा तिच्यात बदल करण्याची तरतूदही तेथेच आहे. म्हणजे धागाकर्त्यांची सूचना कायद्याबाहेरची नाही. केवळ मुख्य रस्ते राखीव ठेवून वाड्यांचे फाटे मोकळे करता येतील.

विम्याचा प्रश्न मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. परवान्यात न बसणाऱ्या कामासाठी गाडी वापरली, हे सिद्ध झाले की विमा कंपनी जबाबदारी नाकारायला उभी राहते आणि जखमीचे कुटुंब वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवते. वडाप चालू राहणारच असेल, तर तिच्यातील प्रवाशाला निदान निर्विवाद विमा मिळावा, एवढ्या एका कारणासाठी मी परवान्याच्या बाजूने आहे.

म्हापसेकर

ज्यांना खाजगी बसचा भरवसा वाटतो, त्यांनी गोव्याकडे पाहावे. आमच्याकडे कदंब महामंडळ १९८० पासून आहे आणि त्याच्या जोडीला परवानाधारक खाजगी बस गावोगावी धावतात. दिवसा पणजी-म्हापसा मार्गावर उभे राहिलात, तर एक बस जाते न जाते तोच दुसरी येते, आणि दोघींचे वाहक एकाच प्रवाशाचे हात ओढतात. अंधार पडल्यावर आतल्या गावाला जायचे असेल, तर मात्र दुचाकीवाला शोधावा लागतो. परवाना होता, वेळापत्रकही होते, तरी शेवटची फेरी रिकामी जाणार असे दिसले की बस घरी जाते. अखेर शासनाने ‘म्हजी बस’ ही योजना आणली, तिच्यात खाजगी बस कदंबाच्या नियोजनाखाली धावते आणि मालकाला किलोमीटरमागे पैसे मिळतात. परवान्याबरोबर पैशाची हमी नसेल, तर रात्री कोणी येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आशाताई

मी आरोग्यसेविका म्हणून पाच वाड्यांत फिरते. येथे अर्ध्या तिकिटाबद्दल फार बोलले जात आहे, म्हणून लिहिते. अर्धे तिकीट बसमध्ये मिळते आणि माझ्या पाचपैकी चार वाड्यांच्या रस्त्यावर बस जाऊ शकत नाही. मी तेथे जीपला पूर्ण भाडे देते, आणि गरोदर बायकाही तेवढेच देतात. सवलत बाईला द्यायची आहे की गाडीला, हे एकदा ठरवावे. आणखी एक सांगते: रात्री अकराला कोणाच्या पोटात कळा सुरू झाल्या, तर रुग्णवाहिका येईपर्यंत वाट न पाहता ज्याला फोन लावला जातो, तो वडापवालाच असतो. त्याला चोर म्हणणे मला जमणार नाही.

निवृत्त वाहक

ताई, त्याला चोर मी म्हटलेले नाही. तो आमच्याच गावचा पोर आहे, त्याच्या लग्नाला मी जेवलो आहे. तुमचे म्हणणे बस न जाणाऱ्या वाड्यांपुरते मला मान्य आहे. पण परवाना वाडीच्या फाट्यापुरता दिला, तरी ती जीप फाट्यावर थांबणार नाही, ती सरळ तालुक्याला जाईल, कारण पैसा तेथे आहे. तिला फाट्यावर अडवायला कोण उभा राहणार? शिवाय अर्ध्या तिकिटाची प्रतिपूर्ती शासन महामंडळाला करते, ती तिकीट यंत्रातील नोंदीवरून. जी गाडी तिकीटच देत नाही, तिला कशाच्या आधारे पैसे द्यायचे?

माणदेशी

म्हापसेकरांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे मान्य करतो. केवळ परवान्याने पहाटेची आणि रात्रीची फेरी चालणार नाही. तिला किलोमीटरमागे ठरावीक रक्कम द्यावी लागेल आणि ती रक्कम भरलेल्या फेऱ्यांतून नव्हे, तर शासनाकडून यावी लागेल. तिकिटाबद्दलही निवृत्त वाहकांशी माझा वाद नाही, छापील तिकीट देणाऱ्यालाच सवलतीची प्रतिपूर्ती मिळावी. मात्र जीप फाट्यावर थांबणार नाही म्हणून परवानाच देऊ नये, हे मला पटत नाही. आज ती कोणत्याही परवान्याविना तालुक्याला जातेच आहे, आणि तिला अडवायला आजही तिठ्यावर कोणी उभा नाही. निदान जीपवर मार्गाची पाटी असेल, तर ती मार्ग सोडून गेली एवढे तरी कोणाला सांगता येईल.